टाच आणि तिच्या दुखण्याचे नाव

दुखण्याला नाव मिळाले की निम्मे दुखणे ओसरते, असे आपल्याकडे मानले जाते. टाचेच्या बाबतीत मात्र नावानेच घोळ घातला आहे. पहाटे धावणाऱ्या आम्हां मंडळींत चाळिशी ओलांडलेले बरेच आहेत. आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ येऊन धावण्याचे अंतर भराभर वाढू लागले, की कुणाच्या ना कुणाच्या टाचेत कळ येतेच. झोपेतून उठल्यावर टाकलेले पहिले पाऊल खिळा रुतावा तसे कळवळवते. थोडे चालल्यावर कळ सैल होते आणि दिवसभराच्या उभे राहण्याने पुन्हा डोके वर काढते.

मग ‘हाड वाढलंय’ हे निदान घरोघरी होते. क्ष-किरण चित्रात टाचेखाली काट्यासारखे टोक दिसते खरे. पण तसे टोक टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या पायांतही सापडते. दुखतो तो टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळाशी जाणारा, तळपायाची कमान ताणून धरणारा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया. या विकाराला वैद्यकाने ‘प्लांटर फॅशिआयटिस’ म्हटले. ‘आयटिस’ म्हणजे दाह. आणि दाह म्हटला की बर्फ, गोळ्या व सक्तीची विश्रांती ओघानेच आली. परंतु २००३ साली हार्वी लेमाँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० शस्त्रक्रियांमधील ऊतींचे निष्कर्ष तपासले, तेव्हा दाहाऐवजी झिजेच्याच खुणा आढळल्या.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. दाह शमवायचा असतो. झिजलेले पुन्हा घडवावे लागते, आणि शरीर ते बेताचा भार सोसतच घडवते. आमच्यातील एका ज्येष्ठ सोबत्यांना ‘आता धावणे विसरा’ असे सांगण्यात आले. त्यांनी ते ऐकले, आणि धावण्यासोबत पहाटेची सोबतही सुटली. टाचेनेच त्यांच्या धावण्यावर टाच आणली, असे आम्ही तेव्हा हसत म्हणालो. आज ते वाक्य बोचते.

उपाय साधे आहेत, फक्त संथ आहेत. सकाळी पाऊल जमिनीला लागण्याआधी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून १० पर्यंत मोजावे, असे १० वेळा. पायरीच्या कडेवर चवडा टेकवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच ३ सेकंदांत उचलावी, २ सेकंद थांबावे, ३ सेकंदांत खाली न्यावी. हे एक दिवसाआड. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली मांडलेल्या अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांअखेर नुसत्या ताणण्यापेक्षा अधिक आराम पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. धावणे बंद करण्याची गरज बहुधा नसते, कमी करण्याची असते. दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिक दुखरी उगवली नाही, तर कालचा भार झेपला असे समजावे. रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, मुंग्या येत असतील, किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबताच हाडात कळ उठत असेल, तर हाडाला चीर गेल्याची किंवा नस दबल्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे.

बहुतेक टाचा वर्षभरात बऱ्या होतात. एवढे वर्ष धीर धरता यावा, म्हणून आधी नाव नीट ठेवायला हवे.