ओला मोजा

पहाटेचे साडेपाच. मे महिन्यात नागपुरात कुत्र्याला बाहेर काढायची वेळ हीच. आठ वाजले की अंगणातली फरशी पायाला चटके देते.

शेरूनं आज पहिल्यांदा मोजा हातात दिला. जुना सुती मोजा, आत चिंध्या, तोंडाला गाठ. शेरू लॅब्राडोर, आणि लॅब्राडोर हा मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज. पुढे ब्रिटनमधल्या जमीनदारांनी त्याला बंदुकीनं पाडलेला पक्षी उचलून आणायला तयार केलं. आपल्याकडे आता वन्यजीव कायद्यानं तशा शिकारीला बंदी आहे, आणि ते फार बरं झालं. पण आणून देण्याची ओढ शेरूच्या रक्तात आहेच.

एका प्रशिक्षकानं सांगितलं होतं, वस्तू तोंडात धरायला शिकवायची तर कान पिळा. तोंड उघडलं की वस्तू आत सरकवा. एकदाच पिळला. शेरू केकाटला आणि पुढचे चार दिवस मोजा दिसला की खाटेखाली. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग सगळं नव्यानं. मोज्याला नाक लावलं की "शाब्बास!" आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग तोंडात धरला की. मग दोन सेकंद धरून हातात सोडला की. फेकणं अगदी शेवटी. मोजा घेऊन पळाला तर त्याच्यामागे धावायचं नाही, आपणच पाठ फिरवून पळायचं, तो येतोच.

आज आला, समोर बसला, तळहातावर मोजा ठेवला. लाळेनं चिंब, पण एक धागा उसवलेला नाही. तुकडा देताना माझा हात थरथरत होता.