गच्ची चौरस फुटाने गळत नाही

मुंबई-पुण्याकडे एखाद्या व्यापारी इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : स्क्वेअर फुटाला काय घेणार? मालकाला आकडा हवा असतो, ठेकेदाराला काम हवे असते. म्हणून आकडा बहुधा फोनवरच सांगितला जातो. साध्या, मोकळ्या गच्चीवर हे खपून जाते. पण जिच्यावर एसीचे चिलर, त्यांचे पाइप, केबलचे ट्रे आणि सोलरचे सांगाडे दाटीने उभे आहेत, त्या गच्चीला एकच दर लावणे म्हणजे न पाहिलेल्या कामाची किंमत सांगणे. अशा कामाचा भाव क्षेत्रफळावर नव्हे, गच्चीच्या कमकुवत जागांवर आणि तिच्या पोटात दडलेल्या थरांवर ठरला पाहिजे.

पाणी मोकळ्या सपाटीतून क्वचितच शिरते. ते शिरते पॅरापेटच्या पायथ्याशी, जिथला वाटा, म्हणजे भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यातला गोलसर भराव, सुटलेला असतो. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी. चिलरच्या स्टँडच्या पायांखाली. स्लॅब फोडून नेलेल्या पाइपांभोवती आणि एक्स्पान्शन जॉइंटमधून. तीस मीटर लांबीच्या काँक्रीटच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी नऊ-दहा मिलिमीटरने बदलते. तो जॉइंट नुसत्या सिमेंटने बुजवला तर पुन्हा उघडणारच. आता १०,००० चौरस फुटांच्या दोन गच्च्या कल्पा. एकीवर चार पाइप आहेत. दुसरीवर स्टँडचे चाळीस पाय आणि तितकीच भोके. डांबरी शीट दोन्हींना जवळपास सारखीच लागेल. पण दुसरीवर कारागिराचा दिवस शीट अंथरण्यात न जाता ती कापण्यात, पायांभोवती वळवण्यात आणि टॉर्चने सांधे चिकटवण्यात जाईल. त्यात खाली ऑफिस चालू, चिलर बंद ठेवता येत नाही, म्हणून काम रात्री किंवा रविवारी. स्क्वेअर फुटाच्या दरात यातले काहीच दिसत नाही.

थरांचे गणित तर त्याहून अवघड. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या थरावर, दुसरा कोबा चढवणे स्वस्त वाटते. पण १०० मिलिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. ये-जा असलेल्या सपाट छतावर माणसे व सामान यांचा भार म्हणून भारतीय मानकात धरतात तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो. म्हणजे नव्या कोब्याचा कायमचा बोजा त्याहूनही अधिक. तो स्लॅबला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचे. ठेकेदाराने अंदाजाने नव्हे. जुना कोबा फोडायचा ठरला, तर १०,००० चौरस फुटांतून पावणेदोनशे टनांहून अधिक डेब्री निघेल. ती ऑफिसच्या लिफ्टमधून कोणी नेऊ देणार नाही. शेवटी ५० मिलिमीटर पाणी साठवून चाचणी घ्यायची, तर ४६,००० लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. हा सगळा खर्चच आहे आणि तो कोटेशनमध्ये नावानिशी दिसला पाहिजे.

यावर मालकाचा आक्षेप रास्त आहे : एकच आकडा नसेल तर चार कोटेशनांची तुलना करायची कशी? पण एकाच्या दरात तोडफोड धरलेली आणि दुसऱ्याच्या दरात नाही, अशा आकड्यांची तुलना आजही होत नाही. झाल्यासारखी वाटते एवढेच. तज्ज्ञाला वेगळे पैसे देऊन आधी पाहणी करून घ्यावी, दोन-तीन ठिकाणी कोबा उघडून पाहावा आणि त्यावरून तयार झालेली कामांची एकच यादी सर्वांना द्यावी. मग तुलना खरी. दुसरा आक्षेप ठेकेदारांचा : जोखमीपोटी दरात वीस टक्के वाढवले की झाले, एवढी यादी कशाला? स्लॅब चांगला निघाला तर मालकाने ते पैसे उगाच मोजले. वाईट निघाला तर ते पुरत नाहीत आणि तूट भरून निघते ती झाकल्यावर न दिसणाऱ्या जागी : प्रायमरच्या हातात, शीटच्या जोडावरच्या ओव्हरलॅपमध्ये, वाट्यात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : बाबवार दर म्हटले की बिल फुगवायला वाव मिळतो. मिळतो खरा. म्हणूनच गंजलेल्या सळया, पोकळ प्लॅस्टर, खराब काँक्रीट यांचे दर काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावेत, झाकण्याआधी दोघांनी मिळून मोजमाप करावे आणि ठरलेल्या रकमेपुढे लेखी परवानगीशिवाय जाऊ नये.

काम नाकारणे हाही याच हिशेबाचा भाग आहे. मेच्या अखेरीस कोबा फोडायला घेतला आणि पाऊस आला, तर उघडी गच्ची तळमजल्यापर्यंत पाणी पोचवू शकते. ओल्या पृष्ठभागावर चिकटवलेल्या शीटला फुगे येतात ते वेगळेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस १०,००० चौरस फुटांवर पडला तर पावणेनऊ लाख लिटर पाणी होते. अशा शहरात उशिरा आलेल्या कामाला तात्पुरती डागडुजी करून ‘दिवाळीनंतर करू’ म्हणणारा ठेकेदार काम टाळत नसतो. तेव्हा मालकांनी दर विचारण्याआधी पाहणीचा अहवाल मागावा आणि ठेकेदारांनी गच्चीवर चढल्याशिवाय आकडा सांगू नये. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा ही शिस्त गच्चीला अधिक काळ कोरडी ठेवेल.