चाचांची थाळी

बिदरीचं नाव निघालं की लोक चांदीच्या नक्षीचं कौतुक करतात. माझ्या कानात मात्र कानस वाजते. शाळेसाठी मी भालकीहून बिदरला मामांकडे राहायला होतो. चौबाऱ्याजवळच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून चाचांचं घर होतं आणि त्यांच्या पडवीतच त्यांचं काम चालायचं.

बिदरीचा धातू म्हणजे बहुतेक सगळं जस्त, त्यात थोडं तांबं. वाळूच्या साच्यातून निघालेली थाळी राखाडी, खडबडीत असते. ती आधी कानशीनं घासायची, मग धारदार पोलादी पट्टीनं खरवडायची, शेवटी पॉलिशपेपर. त्यानंतर मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरती काळी करायची, सुईनं नक्षी रेखायची, छिन्नीनं कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची आणि पुन्हा घासून सगळं एका पातळीत आणायचं. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात जस्त कायमचं काळं होतं, चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर उजेड पडला की साधा खोलगटपणाही लपत नाही. म्हणून चाचा थाळी दाराच्या उजेडात तिरपी धरून बघत बसायचे, मग डोळे मिटून तळवा फिरवायचे.

माझे काका सोलापूरला फिटर. लेथचा बेड खरवडताना ते सरफेस प्लेटला निळा रंग लावायचे. जिथं निळं लागलं तिथं उंचवटा, तेवढाच खरवडायचा. चाचांना बघून म्हणाले, "आमचं काम निळ्यावर, ह्यांचं उजेडावर. बाकी एकच की!"

अक्काच्या लग्नासाठी बाबांनी थाळी सांगितली होती. नक्षीला हात घालायच्या आधी चाचांना मधोमध खळगा दिसला. मला तर काहीच दिसेना. त्यांनी सगळी थाळी पुन्हा खरवडायला घेतली. बाबा येऊन म्हणाले, "चाचा, तारीख तोंडावर आली हो." चाचा म्हणाले, "तार उचलेगी साहेब, फिर मेरा नाम निकलेगा."

लग्न थाळीविनाच लागलं. व्याह्यांसमोर बाबांची मान खाली गेली, ते लई चिडले होते. बारा दिवसांनी चाचा स्वतः एसटीनं भालकीला थाळी घेऊन आले. बाबा बोलेनात, आजीनंच चहा दिला. पैसे ठरले होते तेवढेच घेतले. चांदीचं वजन आणि कोरीवकाम, भाव ह्या दोन्हींवरच धरला होता. खरवडण्याचे दिवस त्यात कुणी धरले नव्हते, आजही गिऱ्हाईक धरत नाही.

2023 साली बिदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. चाचा तोवर गेले होते. मुलगा हैदराबादला नोकरीत, पडवीत आता मोटारसायकल उभी असते.

थाळी लातूरला अक्काकडे आहे. जावयानं मशीनवर बफ करून आणतो म्हटलं, तर तिनं हातच लावू दिला नाही, कारण काळा रंग निघून जाईल. ती खोबरेल लावून फडक्यानं पुसते. परवा तिनं ग्रुपवर फोटो टाकला. नक्षी छान दिसते, सपाटपणा फोटोत कळत नाही. तुमच्या घरी जुनी बिदरी असेल तर खिडकीशी तिरपी धरून बघा.