कपाची परात

निवृत्त माणसानं वेळ कसा घालवावा, याविषयी अद्याप निवृत्त न झालेल्यांची मतं फार ठाम असतात. कुणी पहाटे टेकडी चढायला सांगतो, कुणी ब्रिज शिकायला सांगतो, कुणी नुसतंच "आता नामस्मरण!" म्हणून परस्पर हात जोडतो. आमच्या कन्येनं मला मासा पाळायला सांगितलं. ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे साधंसुधं तिला काही सुचत नाही. मासा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दातांच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यातले सोनेरी मासे आले. तिनं चित्र दाखवलं ते एका चपट्या, गोल, तपकिरी प्राण्याचं. अंगभर नारिंगी ठिपके आणि मागे चाबकासारखी शेपटी.

"गोड्या पाण्यातला स्टिंग रे," ती म्हणाली.

आईनं (वय 84) चष्मा सावरून पाहिलं. "अगं, हे तर थालीपीठ! मधली भोकंसुद्धा पाडलीत."

अशा रीतीनं मासा यायच्या आधीच त्याचं बारसं झालं. शेजारचे मालवणचे गृहस्थ मात्र म्हणाले, "हा तर पाकट! आमच्याकडे ह्याचं कालवण करतात," आणि अपेक्षेनं माझ्याकडे पाहत राहिले.

पाकट तो खराच, पण समुद्रातला नव्हे. हे घराणं दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचं. शार्कच्या भाऊबंदांपैकी, अंगात हाड म्हणून नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी ह्याचे पूर्वज समुद्र सोडून नदीत शिरले आणि कोकणातून पुण्याला आलेल्या माणसासारखे असे रुळले, की परतीची सोयच उरली नाही. खाऱ्या पाण्यात तगण्यासाठी समुद्रातले पाकट रक्तात युरिया साठवून ठेवतात. ही कला हे नदीकाठचे लोक विसरले. म्युलर आणि हेन्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी 1841 साली ह्याची नोंद केली. नाव पोटॅमोट्रायगॉन मोटोरो. त्यातली पहिली दोन अक्षरं किती अर्थपूर्ण आहेत, हे त्याला जेवायला घालू लागल्यावर कळतं.

बाजारात मात्र ह्याच्या पिल्लांना 'टीकप रे' म्हणतात. चहाच्या कपाएवढा, म्हणून टीकप. मुळात ह्या नावाची कुठली जातच नाही; 'टीकप' म्हणजे निव्वळ लहान वय. आपल्याकडच्या 'बाळू'सारखं. बाळू पुढे सहा फुटी होऊन मिशा ठेवतो आणि कपाची पुढे परात होते. शेपटी सोडून नुसत्या चकतीचा व्यास दीड फुटावर जातो. म्हणून टाकी कपाच्या मापानं घ्यायची नसते, परातीच्या मापानं घ्यायची असते, असं कन्येनं बजावलं. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच. मी गुणाकार केला. हजार लिटर. म्हणजे नुसतं पाणीच एक टन! आम्ही तळमजल्यावर राहतो हे खालच्या मजल्यावरच्यांचं भाग्य, कारण खालचा मजलाच नाही. सासऱ्यांनी दिलेला दिवाण मेहुण्यांकडे परत गेला आणि त्या जागी टाकी आली. तळाशी मऊ, बारीक वाळू. ह्या मंडळींच्या पोटाला खवले नसतात, खडीवर ते खरचटतं. पाणी सव्वीस अंशांवर ठेवायला हीटर, आणि त्यावर अंग टेकून थालीपीठ खरोखरच भाजू नये म्हणून हीटरला जाळी.

सगळं सजलं. आता मासा आणायचा, असं मला वाटलं.

"आता दीड महिना थांबायचं," कन्या म्हणाली. "आधी पाणी पिकवायचं."

ह्या दीड महिन्यात आमच्याकडे जे पाहुणे आले त्यांच्याविषयी मला आजही सहानुभूती वाटते. एवढी मोठी टाकी, दिवे चालू, पंप घुमतोय आणि आत कुणी नाही! "मासे कुठेत?" असं विचारलं की आई शांतपणे सांगे, "मासे नाहीत, पाणी पाळलंय." आणि ते अक्षरशः खरं होतं. मासा अमोनिया सोडतो, अमोनिया विष. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. पाणी बदललं की गेलं. सरकारी कचेरीत अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो तसंच हे. फरक इतकाच, की इथला कर्मचारीवर्ग फिल्टरमध्ये आपला आपण भरती होतो, आणि त्याला वेळ लागतो. तोवर कन्या बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबानं घालून त्यांना कामाची सवय लावत होती. रोज रात्री मी काचनळीत रसायनाचे थेंब टाकून पाण्याचा रंग बघत बसे. सौ. म्हणाली, "मुलीच्या बारावीच्या निकालाला एवढे जागला नव्हतात!"

शेवटी एके दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आले आणि थालीपीठ घरात आलं. थायलंडात पैदास झालेलं, वीतभरही नसलेलं. किंमत मी सौ.ला सांगितलेली नाही, तेव्हा इथंही छापत नाही.

चार दिवस ते जेवलं नाही. वाळूत अंग पुरून दोन डोळे तेवढे वर काढून बसे. आमचं घर कांदा-लसणाचासुद्धा विचार करून खाणारं. त्या घराच्या फ्रीजमध्ये आता कोळंबी आली होती, आणि ती खाल्ली जात नाही म्हणून सगळ्यांचा जीव खालीवर होत होता. पाचव्या दिवशी कन्येनं सोसायटीच्या खतखड्ड्यातून गांडुळं आणली. ह्या प्राण्याचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. जेवताना घास त्याला दिसतच नाही, वासानं आणि भक्ष्याच्या अंगातल्या सूक्ष्म विजेनं तो शोधायचा. ते हळूच सरकलं, गांडुळावर जाऊन बसलं आणि उठलं तेव्हा गांडूळ नव्हतं.

"जेवलं!" आई ओरडली. काय जेवलं, हे तिनं विचारलं नाही. "पानात काय वाढलंय ते न बघता जेवतं हो! असा एक पुरुष आमच्या घराण्यात झाला नाही."

मेहुण्यांनी 2006 साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह अर्विन कसा गेला त्याची आठवण करून दिली. तो समुद्रातला मोठा पाकट होता. पण काटा आमच्याही थालीपिठाच्या शेपटीवर आहे, विषारी आहे, आणि काही महिन्यांनी गळून नवा येतो. ते आपण होऊन अंगावर येत नाही, डिवचलं तर मारतं. म्हणून टाकीत हात घालताना ते कुठं आहे हे आधी बघायचं, जाळीनं कधी पकडायचं नाही, आणि लागलंच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून थेट इस्पितळ, असा कागद टाकीवर चिकटवला आहे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पहिला हक्क त्याच्या पंपाचा. पंख्याच्या जागी आम्ही वर्तमानपत्र हलवतो. दर रविवारी तीनशे लिटर पाणी बदलायचं. सोसायटीचे चिटणीस आधी रागावले. पण काढलेलं पाणी नळीनं बागेत जातं आणि त्यातल्या नायट्रेटवर त्यांची जास्वंद फुलली, तेव्हापासून रविवारी तेच आठवण करतात.

वर्षभरात बशीचं ताट झालं. आणि परवा कन्येचं पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरला जायचं नक्की झालं. जाण्यापूर्वी तिनं वही माझ्या हाती दिली: तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. मी सहज विचारलं, "हे जगतं किती?"

"नीट ठेवलं तर पंधरा वर्षं. जास्तसुद्धा."

मी एकसष्ट वर्षांचा. ह्या वयात माणूस लांबचे बेत करीत नाही. 'आता किती दिवस लागणार' म्हणून सदरासुद्धा एकच शिवतो. पेन्शनच्या कागदावर सोडली तर शहात्तर ही संख्या मी कधी लिहिलेली नव्हती. टाकीसमोर बराच वेळ बसलो. थालीपीठ काचेवर चढून आपलं पांढरं पोट दाखवत होतं, म्हणजे जेवण मागत होतं.

सौ.नं वही ओढून घेतली आणि पट्टीनं नायट्रेटशेजारी आणखी दोन रकाने आखले: माझी साखर आणि माझं ब्लडप्रेशर.

"पाणी बदलणारा टिकला तर पाणी टिकेल," ती म्हणाली. "उद्यापासून टेकडीवर जायचं. अहो, थालीपिठासाठी!"