इसाराची वही

नेर, 15 मार्च 2020
दुबईहून आलेल्यांपैकी काहींना यवतमाळात कोरोना निघाला. सकाळपासून फोन. "भाऊ, रामनवमीले शेगाव जाऊ ना आपन?" हो म्हटलं. क्रूझरच्या दहाही जागांचा इसार आला आहे.

25 मार्च
पाडवा. गाडीला हार मिळाला नाही, कडुलिंबाचा डहाळा बांधला. रात्रीपासून देश बंद. आमचा धंदा शेतकऱ्याच्या सवडीवर. कापूस विकला की हातात पैसा, आणि मृगापर्यंत दिवस मोकळे. शेगाव, माहूर, कारंजा, सगळ्या फेऱ्या एवढ्यातच. हे दिवस गेले की वर्ष गेलं.

19 एप्रिल
इसाराचे पैसे टायरांत गेलेले. कुणाचेही ठेवायचे नाहीत, म्हणून घरातले काढून सहा जणांना परत केले. चौघांनी घेतलेच नाहीत. पलीकडच्या गल्लीतली मावशी म्हणाली, "तुयाजवळच राहू दे बाप्पा, महाराज दार उघडतीनच." तिच्या हातात तरी कुठे पैसा होता? कापूस घरातच पडून. रात्री झोप आली नाही.

1 जुलै
आषाढी. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखीसुद्धा यंदा पायी नाही, एसटीने पंढरपूरला गेली. मी गाडीचं इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. बॅटरी उतरू नये म्हणून दर चार दिवसांनी करतो.

31 ऑगस्ट
हप्त्याची सवलत आज संपली. मार्चपासून हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. मागची बाकं काढून भाजी वाहतो आहे. बाकं घरात भिंतीशी उभी. पोरं त्यावर बसून अभ्यास करतात.

16 नोव्हेंबर
दिवाळीचा पाडवा, मंदिरं उघडली. बाकं परत बसवली. मग नियम वाचले: 65 वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं. माझ्या गाडीत बसतं कोण? पोरं संसाराला लागली, आता एकदा देवदर्शन व्हावं म्हणणारे म्हातारे-म्हाताऱ्या. हॉटेलवाल्याला तरुण गिऱ्हाईक मिळेल, मला कुठून? नियम चुकीचा नाही. त्यांच्या जिवाची भीती मलाही आहे. मावशीला सांगायला गेलो. ती चष्मा पुसत बसली, काही बोलली नाही.

18 फेब्रुवारी 2021
जिल्ह्यात पुन्हा निर्बंध. प्रकटदिनाची फेरी रद्द केली. या वेळी इसार घेतलाच नव्हता.

7 ऑक्टोबर 2021
घटस्थापना. आजपासून मंदिरं पुन्हा उघडी. मावशीने लशीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे, तो दाखवायला आली. रविवारी निघायचं ठरलं, आधी कारंजा, मग शेगाव. वही उघडली. चौघांपैकी दोघं एप्रिल-मेच्या लाटेत गेले. त्यांचा इसार माझ्याकडेच आहे. उद्या सकाळी आधी त्यांच्या घरी जायचं, मग हवा भरायला.