जुन्या खेळाचे यंत्र

या चतुर्थीस (आमच्या कोंकणी घरात तिला चवथ म्हणतात) थोरले बंधू सहा वर्षांनी आखातातून येणार, असे त्यांनी फोनवर कळविले. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आम्हां भावंडांत अबोला आला होता. घराविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. एवढेच विचारले, ‘ती सीडी अजून आसा?’

ती तबकडी होती. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा १९९९ साली निघालेला दुसरा भाग. बंधूंनी पहिल्या पगारातून घेतलेला. त्यापूर्वी बेळगावच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बंधू व आम्ही तो शेजारशेजारच्या यंत्रांवर खेळत असू. त्यात तेरा राष्ट्रे होती, भारतातले एकही नव्हते; द्रविड, गुर्जर, बंगाली यांना प्रवेश मिळाला तो २०२२ साली. सलादिन व चंगीजखान यांची ओळख आम्हांस पाठ्यपुस्तकाआधी या खेळाने करून दिली. इतिहास शिकविणाऱ्याने हे सांगावे की नाही, कोण जाणे!

एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, ‘सर, या खेळाची नवी आवृत्ती २०१९ पासून मिळते, मग भंगारातले यंत्र कशाला?’ नव्या आवृत्तीतील चित्रे देखणी आहेत, हे खरे. परंतु बंधूंनी विचारले होते ते त्या तबकडीविषयी.

खडेबाजाराजवळच्या एका दुकानदाराने बोलणे मराठीत आरंभले, भाव मात्र कन्नडमध्ये सांगितला. यंत्र चकचकीत होते. पण त्यास तबकडी घालावयाची खाचच नव्हती. शिवाय जुन्या कित्येक खेळांना नक्कल होऊ नये म्हणून जे कुलूप घातलेले असे, ते २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ला उघडता येत नाही. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत आमच्या या खेळाचे रंगही विस्कटतात. गवत जांभळे दिसू लागते. म्हणजे यंत्र अति नवे असून चालत नाही. अति जुनेही शोधावयास नको, कारण या खेळाची मागणी अवघी १६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम एवढीच. ‘विंडोज एक्सपी’च्या काळातील पेंटियम-४ त्यास पुरून उरतो.

तसे यंत्र सापडले निपाणीस, तंबाखूच्या एका वखारीच्या कचेरीत. झाकण काढताच तंबाखूचा वास आला. आत फुंकर मारून आम्ही मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहिले. त्यांची डोकी फुगलेली असती तर माघारीच फिरलो असतो. हार्ड डिस्क कटकट वाजत नव्हती. घड्याळ मागे पडले होते, पण ते नाण्याएवढ्या एका सेलचे काम. तबकडी आम्ही सोबतच नेली होती. ती लागली, आणि कचेरीतील कारकून हिशेब सोडून पाहावयास आले. एक्सपीची दुरुस्ती २०१४ साली बंद झाल्याने हे यंत्र इंटरनेटला जोडू नये, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

तशीच दोन यंत्रे तेथे होती. एक घेतले तर एक भाऊ खेळणार, दुसरा मागे उभा राहून पाहणार. सहा वर्षे ते पुष्कळ झाले होते. दोन्ही घेतली, जोडावयास लांब तारही घेतली. सौभाग्यवतींना एकाचाच भाव सांगितला आहे. हा अंक घरी येईपर्यंत तेवढे राहू द्यावे.

बेळगावच्या बसमध्ये वाहकाने दोन पेट्या व दोन पडदे मोजले आणि सामानाची चार तिकिटे दिली.