शेवटचा आउट होईपर्यंत

क्रिकेटमध्ये षटके संपतात, फुटबॉलमध्ये वेळ संपते. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये सामना संपवणारे घड्याळच नाही. प्रत्येक संघाचे नऊ डाव आणि डावाला तीन आउट, असे 27 आउट होईपर्यंत दार उघडे असते. आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसे. पण मुलांनी एका जुन्या सामन्याची चित्रफीत दाखवली आणि आम्ही बघतच राहिलो.

17 ऑक्टोबर 2004. स्थळ बोस्टनचे फेनवे पार्क. रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज. चार सामने आधी जिंकेल तो संघ पुढे जाणार होता आणि यांकीजने पहिले तिन्ही जिंकले होते. आदल्या रात्री तर बोस्टनचा 19-8 असा धुव्वा उडाला होता. चौथ्या सामन्यातही नववा डाव आला तेव्हा यांकीज 4-3 असे पुढे होते आणि चेंडू मारियानो रिव्हेराच्या हातात होता. शेवटच्या डावात सामना राखण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

पहिला फलंदाज केव्हिन मिलार. त्याने मोह आवरला. चार चेंडू बाहेरचे पडले की फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो. तो त्याला मिळाला. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, कोणता चेंडू सोडायचा हे ओळखणे, हे आम्हाला तिथे दिसले.

त्याच्या जागी धावायला राखीव खेळाडू डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस 'चोरणार' हे साऱ्या मैदानाला ठाऊक होते. (नियमात बसणारी ही चोरी आहे, हे घरातल्या लहानांना सांगावे लागले!) रिव्हेराने तीनदा चेंडू पहिल्या बेसकडे फेकून त्याला रोखून पाहिले. तरीही रॉबर्ट्स धावला आणि निसटत्या फरकाने पोहोचला. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी परतला. 4-4! मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना 6-4 असा जिंकून दिला. रमजानचे पहिलेच दिवस होते. बोस्टनच्या रोजेदार घरांत सहरीला काही तासच उरले असतील.

बोस्टनने पुढचे तिन्ही सामने जिंकले. 0-3 अशा पिछाडीवरून मालिका जिंकणे मेजर लीगमध्ये त्याआधी कोणालाच जमले नव्हते. मग 1918 नंतर प्रथमच ते विश्वविजेते ठरले.

रॉबर्ट्सने त्या सामन्यात एकदाही बॅट हाती घेतली नव्हती. आमच्या वर्गात अशी मुले असतात. गणितात मागे, पण एका कामात तरबेज. त्यांना मैदानात उतरवणारा कोणी तरी हवा.

पण आम्हाला जास्त आठवतो तो रिव्हेरा. पुढच्या एप्रिलमध्ये तो फेनवेला आला तेव्हा लोकांनी त्याची थट्टा करण्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला. तो हसला आणि टोपी हलवून त्याने दाद दिली. त्यानंतर तो बरीच वर्षे खेळला. 2019 मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडले गेले. एकही मत विरोधात न जाता निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. त्या एका रात्रीवरून कोणी त्याचा हिशेब बंद केला नाही.

आपल्याकडे मात्र दहावीच्या निकालाच्या दुपारीच हिशेब बंद होतो. दोन विषय राहिले की मुलगा गॅरेजवर जातो आणि मुलीसाठी स्थळे बघायला सुरुवात होते. पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीने अकरावीत प्रवेशही मिळतो, हे आम्ही दरवर्षी सांगतो. "आता काय उपयोग, सर?" असे अब्बा म्हणतात आणि दाराआड उभी असलेली मुलगी ते ऐकत असते.

अल्लाहच्या रहमतीपासून नाउमेद होऊ नये, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. निकालाच्या दिवशी ते आपल्यालाही आठवायला हवे. दुआ करावी आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्मही भरावा. उंट बांधून मगच तवक्कुल. प्रत्येक पिछाडी भरून निघेलच असे नाही. पण आउट बाकी असताना मुलांना मैदानाबाहेर बोलावण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?